गोकर्णाकाकू अकराव्या सूचनेवर का अडल्या?

आधी एक कोडं घालते. लोणखेडच्या ग्रामपंचायतीमागे पत्र्याची एक खोली आहे आणि त्या खोलीत माझ्या आजोबांनी बनवलेलं एक यंत्र आहे. आजोबा ते चालू करतात, तेव्हा काही मिनिटांत खाऱ्या पाण्याचं गोड पाणी होतं. आजोबांचा यंत्रमानव टापटीप आजोबांनीच लिहिलेली पुस्तिका वाचून ते चालू करतो, तेव्हाही गोड पाणी येतं. मग तीच पुस्तिका आमच्या गावच्या गोकर्णाकाकूंच्या हातात दिली. काकूंनी एकेक सूचना मोठ्याने वाचली, जशीच्या तशी पाळली, आणि यंत्र लाल दिवा लावून धाडकन बंद पडलं. एकदा नाही, तीनदा. तर मग चूक कोणाची?

लगेच 'काकूंची' म्हणू नका. आम्हीही तेच म्हणालो होतो आणि तोंडावर आपटलो.

ही २०५२ सालची गोष्ट. मी, कस्तुरी ताथोड, तेव्हा अकरा वर्षांची होते. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. म्हणजे पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना पसरलेला असा भाग, जिथे विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते खारट. आंघोळ केली तर अंग चिकट होतं, आणि वर्षानुवर्षं प्यायलं तर मूत्रपिंडं (रक्त गाळून त्यातली घाण बाहेर टाकणारे शरीरातले दोन अवयव) खराब होतात. गोकर्णाकाकूंचे यजमान त्याच आजाराने गेले होते. प्यायचं पाणी टँकरने यायचं. टँकर चालकाविना चालणारा होता, त्यामुळे तो उशिरा आला तर कोणाशी भांडायचीही सोय नव्हती.

माझे आजोबा, म्हणजे आबा, शास्त्रज्ञ. निवृत्त झाल्यावर इतरांचे आजोबा बाग करतात. आबांनी यंत्र केलं आणि त्याचं नाव ठेवलं गोडझरा. त्यातली युक्ती सोपी आहे. खारं पाणी जोर लावून एका पटलावर (डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक छिद्रांच्या पडद्यावर) ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, मीठ अलीकडे राहतं. यंत्र सूर्याच्या विजेवर चालायचं, आणि आबांनी त्यात मुद्दामच संगणक घातला नव्हता. संगणक बिघडला तर शहरातून माणूस येईपर्यंत गावाने काय करायचं? म्हणून सगळं हाताने फिरवायच्या चाकांवर आणि झडपांवर (पाण्याची वाट उघडणाऱ्या किंवा बंद करणाऱ्या कळांवर). गावातल्या कोणालाही चालवता आलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता.

पण 'कोणालाही' हे सिद्ध करायचं होतं. खाऱ्या पाण्याच्या चाळीस गावांना हे यंत्र द्यायचं की नाही, ते जलमंडळ ठरवणार होतं, आणि मंडळाचा एक नियम होता. त्याला सगळे नवख्याचा नियम म्हणत. यंत्राला कधी हात न लावलेला गावातला एक माणूस निवडायचा. त्याच्या हातात फक्त पुस्तिका द्यायची. यंत्र बनवणाऱ्याने जवळ उभं राहावं, पण एक शब्द बोलू नये. नवख्याने यंत्र चालू केलं तर चाळीस गावांना यंत्रं मिळतील. नाही जमलं, तर आठ दिवसांनी त्याच माणसाला आणखी एक संधी; मधल्या काळात पुस्तिका सुधारली तर चालेल. तेव्हाही नाही जमलं, तर आमचंसुद्धा यंत्र उचलून नेणार आणि पुन्हा तो टँकर.

गावाने निवड केली गोकर्णाकाकूंची. त्या सतरा वर्षं गावची पिठाची चक्की एकटीने चालवत होत्या, पट्टा तुटला तरी स्वतः बसवायच्या. त्यांना नाही जमणार तर कोणाला?

आणि त्यांनाच जमलं नाही. अकरावी सूचना होती, 'हवेची झडप उघडून नळीतील हवा काढून टाकावी.' बारावी, 'झडप बंद करून दाब वाढवावा.' काकूंनी झडप उघडली, फुस्स आवाज झाला, झडप बंद केली, दाबाचं चाक फिरवलं. लाल दिवा! दुसऱ्या वेळी त्या घड्याळ लावून एक मिनिट थांबल्या. पुन्हा लाल दिवा. तिसऱ्या वेळी दोन मिनिटं थांबल्या, तरी तेच.

आबा कडेला उभे राहून नुसते तडफडत होते. शेवटी त्यांच्याने राहवलं नाही. "अहो, सगळं लिहिलंय ना त्यात!" ते ओरडले. "नीट वाचलं तर येतं!"

मंडळाच्या निरीक्षक नाझनीन मॅडमनी हात वर केला, तशी आबांनी जीभ चावली. पण शब्द तोंडातून गेला तो गेलाच. काकूंनी पुस्तिका मिटून स्टुलावर ठेवली, पदराने हात पुसले आणि कोणाकडेही न बघता निघून गेल्या. मला त्या क्षणी आबांचा फार राग आला.

संध्याकाळी आईने मला ज्वारीचं दळण घेऊन चक्कीवर पाठवलं. काकू नेहमी माझ्याशी भरपूर बोलायच्या, त्या दिवशी गप्पच होत्या. मीच विषय काढला.

"जाऊ दे ना माय," त्या म्हणाल्या. "तुह्या आबाचं यंत्र शिकलेल्या मानसासाठी हाय. मले वाचता येते, पण समजत नाई. मी अडाणीच."

बोलता बोलता त्यांनी चक्कीखालचं पीठ चिमटीत धरून चोळलं, दगड जवळ आणणारं चाक कणभर फिरवलं, पुन्हा पीठ चोळलं, आणि मान हलवली.

"काकू, हे काय केलंत?"

"कोठं काय केलं?"

"आत्ता पीठ बोटांत धरलं, मग चाक फिरवलं."

"असं केलं म्या?" काकूंनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. त्यांना खरंच आठवत नव्हतं. "अवं, ते पाहाच लागते. जाड येते का बारीक, ते बोटाले समजते."

"कसं समजतं?"

"कसं म्हंजे? समजते!"

मी दळणाचा डबा तिथेच विसरून घरी पळाले. माझ्या डोक्यात एक गोष्ट चमकली होती. काकूंच्या बोटांना जे येत होतं ते काकूंच्या तोंडाला सांगता येत नव्हतं. आबांचंही असंच तर झालं नसेल?

पण हे आबांना नुसतं सांगून उपयोग नव्हता. ते म्हणाले असते, 'पुस्तिका टापटीपने पाळून दाखवली आहे, तिच्यात काहीही कमी नाही.' तेव्हा दुसऱ्या दिवशी मी काकूंना सांगितलं, की चक्की कशी चालवायची त्याची पुस्तिका लिहू या. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. पानभर मजकूर झाला. मग मी आबांना चक्कीवर बोलावलं आणि तो कागद त्यांच्या हातात ठेवला.

"आबा, आज तुम्ही नवखे. काकू एक शब्द बोलणार नाहीत."

आबा हसले. ज्या माणसाने पटलं बनवली त्याला चक्की कसली अवघड! त्यांनी कागद वाचला, चक्की चालू केली, वरच्या तोंडातून ज्वारी ओतली. खालून आला जाडाभरडा रवा. त्यांनी पुन्हा कागद पाहिला. तिथे लिहिलं होतं, 'मग चाक बेतानं आवळा.' आबांनी चाक आवळलं. पीठ गरम येऊ लागलं, करपल्याचा वास सुटला. काकूंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं; हसू दाबायला की ओरडणं, देव जाणे.

"बेताने म्हणजे किती?" आबा वैतागले. "हे लिहिलेलंच नाही!"

मी काकूंकडे पाहिलं आणि मान हलवली. आता त्या बोलू शकत होत्या.

"लिवलं हाय ना आबा, सगळं," काकू शांतपणे म्हणाल्या. "नीट वाचलं तं येते."

चक्की बंद झाली. आबांच्या मिशांना पीठ लागलं होतं. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. मग त्यांनी काकूंना हात जोडले.

"गोकर्णाबाई, काल मी तुम्हाला असं बोलायला नको होतं," ते म्हणाले. "चूक माझीच आहे. कुठे आहे, ते मात्र मला अजून कळलेलं नाही."

पाहा, माझे आबा असे आहेत. चिडतात पटकन, पण कळलं की वळायला वेळ लावत नाहीत.

घरी जाताना त्यांनी मला समजावून सांगितलं. एखादं काम पुष्कळदा केलं की ते हातात मुरतं. मग हात ते आपोआप करतो आणि डोक्याला पत्ताही लागत नाही. सायकल चालवताना तोल कसा सांभाळतो, ते सांगायला गेलं तर आपण अडखळतो. त्यामुळे जाणकार माणूस लिहायला बसला की नेमकं तेच लिहायचं राहतं, जे त्याला सगळ्यांत चांगलं येतं. अशा न सांगता धरून चाललेल्या गोष्टीला आबा गृहीतक म्हणायचे (आपल्याला माहीत आहे म्हणजे समोरच्यालाही आहे, असं मनात धरणं). ते म्हणाले, "माझं गृहीतक मला दिसणार नाही, कस्तुरी. ते तुला शोधावं लागेल."

दुसऱ्या दिवशी मी यंत्रासमोर पोतं अंथरून बसले. आबा यंत्र चालू करायचे, बंद करायचे, पुन्हा चालू करायचे. मी त्यांच्या तोंडाकडे नाही, हातांकडे पाहत होते. पहिल्या तीन वेळा काही दिसलं नाही. चौथ्या वेळी लक्षात आलं. अकराव्या सूचनेला आबा उजव्या हाताने झडप उघडत होते, आणि त्यांचा डावा हात सहज टेकल्यासारखा जाड नळीवर जात होता. थोडा वेळ तिथेच राहायचा. मग ते झडप बंद करायचे. कधी दीड मिनिटाने, कधी चार मिनिटांनी.

"आबा, नळीवर हात का ठेवता?"

"कुठे ठेवतो?"

अगदी काकूंसारखंच उत्तर!

पण मग टापटीपला कसं जमायचं? त्याने तर फक्त पुस्तिका वाचली होती. मी त्याला यंत्र चालू करायला लावलं. अकरावी सूचना आली, आणि त्याचा डावा हात उचलला जाऊन नळीवर टेकला.

"टापटीप, हात का ठेवलास?"

"माझ्या तळहातात कंपनमापक (थरथर मोजणारं उपकरण) आहे," टापटीप म्हणाला. "नळीत हवा असेल तर पाण्याबरोबर ती धडका मारते आणि नळी थरथरते. थरथर पूर्ण थांबली, की हवा संपली. मग झडप बंद करावी."

"हे पुस्तिकेत कुठे आहे?"

"पुस्तिकेत नाही. माझ्यात आहे. मला आबांनी बनवलं आहे."

आबांनी कपाळावर हात मारून घेतला. कोड्याचं उत्तर असं होतं. नळीत थोडीशी जरी हवा राहिली आणि दाब वाढवला, तर ती हवा पटलावर आदळते. पटल फाटू नये म्हणून यंत्र आपणहून बंद पडतं. किती वेळ थांबायचं ते घड्याळ सांगू शकत नाही, कारण विहिरीची पातळी बदलली की वेळ बदलतो. सांगतो तो फक्त तळहात. आबांनी पुस्तिका टापटीपकडून तपासून घेतली होती, पण टापटीपच्या आत आबाच बसले होते. म्हणजे आपणच लिहिलेला पेपर आपणच तपासून शंभरपैकी शंभर घेतल्यासारखं झालं.

आता हातात पाच दिवस होते. आणि एक अवघड गोष्ट होती. नियमाप्रमाणे या आठ दिवसांत काकूंना यंत्राबद्दल काहीही सांगायचं नव्हतं. मी रोज चक्कीवरून जायचे, काकू खाली मान घालून दळत असायच्या, आणि माझ्या ओठांवर ते एक वाक्य यायचं, 'काकू, नळीवर हात ठेवा.' पण तसं सांगितलं असतं तर काकू पास झाल्या असत्या आणि पुस्तिका नापासच राहिली असती. मग बाकीच्या गावांतल्या काकूंना कोण सांगायला जाणार होतं?

आम्ही पुस्तिका नव्याने लिहायला घेतली. आधी ती सुरू व्हायची 'क्षारविलगीकरणाची मूलतत्त्वे' या नऊ पानांच्या प्रकरणाने. तहानलेल्या माणसाला पाण्याचा इतिहास कशाला सांगायचा? ते प्रकरण शेवटी गेलं, ज्याला हवं त्याने वाचावं. आबा एका वाक्यात तीन-तीन कामं कोंबायचे. मी ती सुटी केली. 'काढून टाकावी', 'वाढवावा' जाऊन 'काढा', 'वाढवा' आलं. एके ठिकाणी 'पिवळं चाक जोरात फिरवावं' असं होतं आणि पुढच्या पानावर 'मात्र आधीचं पाणी सोडल्याशिवाय पिवळ्या चाकाला हात लावू नये' असं होतं! मी म्हटलं, "आबा, खड्ड्यात पडल्यावर खड्डा आहे सांगून काय उपयोग?" धोक्याच्या सगळ्या सूचना त्या त्या कामाच्या आधी आल्या. आणि प्रत्येक कामापुढे आम्ही एक ओळ घातली, की ते नीट झालं असेल तर काय दिसेल, काय ऐकू येईल किंवा हाताला काय लागेल.

मग तपासणी. पोस्टमास्तरांना बोलावलं, शाळेच्या बाईंना बोलावलं. त्यांनी पुस्तिका वाचून यंत्र चालवायचं आणि आम्ही गप्प बसून फक्त बघायचं. आबा याला मौन चाचणी म्हणायचे. पण गप्प बसणं हेच आबांना जमेना. पोस्टमास्तर जरा अडखळले, की "अहो, डावीकडे!" म्हणून ते मोकळे. शेवटी मी त्यांना तोंडात पाण्याचा घोट धरून बसायला लावलं. मराठीत 'मिठाची गुळणी धरून बसणे' म्हणतात ना, तसे आबा विहिरीच्या खाऱ्या पाण्याची खरीखुरी गुळणी धरून बसले. वाचणारा जिथे थांबेल, मागचं पान उलटेल किंवा डोकं खाजवेल, तिथे मी वहीत फुली मारायचे. फुली वाचणाऱ्याच्या नावापुढे नाही, वाक्यापुढे. पहिल्या दिवशी चौदा फुल्या पडल्या, चौथ्या दिवशी एक. ती एक फुली बघून आबांनी पुन्हा पान लिहिलं.

आठवा दिवस उजाडला. नाझनीन मॅडम आल्या. सगळं गाव खोलीबाहेर जमलं. गोकर्णाकाकू आल्या त्या नाखुशीनेच. त्यांनी पुस्तिका हातात घेतली.

"मले नाई जमत, हे माहीत हाय ना सगळ्यायले," त्या पुटपुटल्या आणि त्यांनी पहिलं पान उघडलं.

त्यावर मोठ्या अक्षरांत आबांनी एकच ओळ लिहिली होती. काकूंनी ती मोठ्याने वाचली. "वाचताना कुठे अडलात, तर चूक तुमची नाही, या पुस्तिकेची आहे. ती आम्हाला कळवा."

काकूंनी मान वर केली. त्यांनी आबांकडे पाहिलं. आबा भिंतीशी गाल फुगवून उभे होते, तोंडात खारं पाणी. काकूंच्या चेहऱ्यावर बारीकसं हसू आलं आणि त्यांनी पान उलटलं.

एकेक सूचना मागे पडत गेली. अकरावी आली.

"हवेची झडप उघडा. डावा तळहात जाड नळीवर ठेवा. नळी थरथरत असेल. थरथर पूर्ण थांबेपर्यंत हात तसाच ठेवा. वेळ कितीही लागो, घाई करू नका."

काकूंनी झडप उघडली आणि हात नळीवर ठेवला. त्यांचे डोळे मिटले. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. बाहेर कोणीतरी कुजबुजलं, "अडकली वाटते." काकू हलल्या नाहीत. सतरा वर्षं ज्या हाताला चक्कीची भाषा कळत होती, तो आता यंत्राचं ऐकत होता.

मग त्यांनी डोळे उघडले, झडप बंद केली आणि दाबाचं चाक फिरवलं.

हिरवा दिवा लागला. नळीच्या टोकाला एक थेंब आला, मग दुसरा, आणि मग धार.

आबांनी "शाब्बास!" म्हणायला तोंड उघडलं आणि सगळं खारं पाणी स्वतःच्याच सदऱ्यावर सांडलं. सगळे हसले, नाझनीन मॅडमसुद्धा. काकूंनी भांडं भरून घेतलं, घोटभर प्यायल्या, आणि ते गोड आहे हे कळल्यावर त्यांना रडू आलं. "त्यायच्या येळेले हे पाहिजे होतं," एवढंच त्या म्हणाल्या. मग डोळे पुसून त्यांनी भांडं माझ्या हातात दिलं.

चाळीस गावांना यंत्रं गेली, आणि प्रत्येक यंत्राबरोबर एक पुस्तिका. दोन महिन्यांनी समुद्राकाठच्या एका गावातून संदेश आला. एका बाईंनी लिहिलं होतं, 'अकराव्या सूचनेवर अडलो. आमच्या खोलीला लागूनच बर्फाचा कारखाना आहे. नळी दिवसरात्र थरथरते, थांबतच नाही. चूक तुमची आहे.'

आबांनी तो संदेश तीनदा वाचला आणि आनंदाने टाळी वाजवली.

"आबा, त्या तुमची चूक काढतायत!"

"अगं, तेच तर!" आबा म्हणाले. "त्या बाईंनी स्वतःला अडाणी म्हटलं नाही."

त्या आठवड्यात आम्ही नळीला काचेचा एक तुकडा जोडला, ज्यातून हवेचे बुडबुडे डोळ्यांना दिसतील. अकराव्या सूचनेत एक ओळ वाढली. ती ओळ मी लिहिली, आणि तपासायला आधी गोकर्णाकाकूंकडे नेली. त्यांनी दोनदा वाचली, एका शब्दापाशी थांबल्या आणि कानामागची पेन्सिल काढून त्यावर फुली मारली.